सहा प्रांत, एक तेलाचा डबा
नवी मुंबईतल्या एका हॉटेलच्या खाद्यमहोत्सवाचं प्रकरण

फोन आला तेव्हा मी नौपाड्यात पोळीभाजी केंद्रासमोरच्या रांगेत उभा होतो. "सर, तुम्ही आणि काकू आज रात्री जेवायला याल का?" माझी जुनी विद्यार्थिनी विचारत होती, पण आवाज आमंत्रण देणाऱ्या माणसाचा नव्हता. केटरिंग कॉलेजात मी बावीस वर्षं शिकवलं. जुने विद्यार्थी तीन कारणांसाठी फोन करतात: लग्न, नोकरी आणि बोंब. ही बोंब होती.

ती नवी मुंबईत सायन-पनवेल महामार्गालगतच्या एका मोठ्या हॉटेलात सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखाल, आहे. हॉटेलचं नाव सांगत नाही, प्रकरण समजायला त्याची गरजही नाही. तिथे दहा दिवसांचा खाद्यमहोत्सव चालू होता. रात्री साडेसात ते अकरा बुफे, त्यात सहा प्रांतांचे सहा काउंटर: काश्मीर, राजस्थान, बंगाल, हैदराबाद, केरळ आणि महाराष्ट्र. दर माणशी १,८९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हातात पडणारं बिल २,२४१ रुपयांच्या घरात. पहिल्या तीन रात्री गर्दी चांगली झाली. पण जाताना लोक जे अभिप्रायाचं कार्ड भरतात, त्यात एकच सूर होता. सगळं चांगलं आहे, पण सगळ्याची चव सारखीच लागते. एकाने तर लिहिलं होतं, "पाट्या सहा, भाजी एक."

जनरल मॅनेजरांनी सांगितलं, तिखट वाढवा. तिने वाढवलं. चौथ्या दिवसाची कार्डं आणखी वाईट आली.

मी म्हटलं, येतो, पण गिऱ्हाईक म्हणून. स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशी. जेवणाचे पैसे तिने घेतले नाहीत. पुढे जे मी लिहितोय ते वाचताना हे ध्यानात असू द्या.

पाचवी रात्र, हॉलमध्ये

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला उतरलो आणि तिथून रिक्षा. मंगळवार असूनही हॉल तीन चतुर्थांश भरलेला. थर्माकोलचा शिकारा, कठपुतळ्या, केळीचे खांब, कोपऱ्यात फेटा बांधलेला एक पोरगा तुतारी घेऊन उभा. (तुतारी वाजवायची परवानगी त्याला नव्हती, नुसती धरायची होती. बिचारा दर दहा मिनिटांनी हात बदलत होता.)

आमच्या घरात बुफेचा एक नियम आहे, तो बायकोचा: पहिली फेरी रिकाम्या हाताने. सगळं आधी बघून यायचं, काय खायचं ते ठरवायचं आणि मग प्लेट उचलायची. आम्ही दोघं हात मागे बांधून, एखाद्या संग्रहालयात फिरावं तसे फिरलो. एवढ्या फेरीतच मला तीन गोष्टी दिसल्या, पण त्यांचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला.

पहिली गोष्ट, लोक दारातून डावीकडे वळत होते आणि तिथे काश्मीर होतं. केरळ उजवीकडच्या टोकाला. तिथे पोचेपर्यंत प्लेटमध्ये जागा उरत नव्हती, मग आप्पम रोगनजोशच्या डोक्यावर ठेवलं जात होतं. दुसरी गोष्ट, हॉलभर कुठेही वाटी नव्हती. सूपसाठी बोल होते, गोडासाठी काचेचे पेले होते, पण जेवणासाठी फक्त एक मोठी सपाट प्लेट. तिसरी गोष्ट, 'महाराष्ट्र' या एका पाटीखाली तांबडा रस्सा, माशाचं मालवणी कालवण आणि पाटवडी रस्सा शेजारी शेजारी उकळत होते. कोल्हापूरहून मालवणला जाताना घाट उतरला की सुकं खोबरं ओलं होतं, तेवढ्यात स्वयंपाक बदलतो. आणि पाटवडी तर पार वऱ्हाडातून आलेली.

शेजारच्या टेबलावर पाच जणांचं कुटुंब होतं. आजी-आजोबा, मुलगा, सून, आठ-नऊ वर्षांची नात. मुलाने सगळ्यांसाठी प्लेटा भरून आणल्या, प्रत्येकीत दहा-अकरा पदार्थ. आजींनी दोन घास खाल्ले आणि हळूच म्हणाल्या, "अहो, ह्या रश्शाला त्या रश्शाची चव लागतेय." आजोबा म्हणाले, "अगं, वाहून आलाय तो." दोघंही बरोबर होते, हे मला पुढे कळायचं होतं.

मी मटणाचे चार पदार्थ घेतले, चार वेगवेगळ्या छोट्या बशांत. बशा मागून घ्याव्या लागल्या. रोगनजोश, लाल मांस, कोशा मांग्शो आणि तांबडा. डोळे मिटून बायकोला म्हटलं, एकेक दे. तांबडा ओळखला, सुक्या खोबऱ्यामुळे. बाकीच्या तिघांत मी हरलो. बावीस वर्षं शिकवलेला माणूस काश्मीर आणि जोधपूर यांत गोंधळला, ही लाज माझी की स्वयंपाकघराची, ते ठरवायला दुसऱ्या दिवशी चार वाजता मी मागच्या दाराने आत शिरलो.

एक पदार्थ मात्र मला मनापासून आवडला. गुश्ताबा, दह्याच्या यखनी रश्शातला मटणाचा तो मोठा मऊ गोळा. मी तिला तसं सांगितलं आणि ती पहिल्यांदा हसली. "सर, तो मी स्वतः करते."

सहावा दिवस, मागे

मी म्हटलं, मेनू दाखवू नकोस, तेल दाखव.

कोठारात रिफाइंड तेलाचे पंधरा किलोचे डबे एकावर एक रचलेले होते, सगळे एकाच प्रकारचे. मोहरीच्या तेलाची एक लिटरची बाटली होती, ती बंगालच्या काउंटरवर "शेवटी वरून" घालायला. खोबरेल नव्हतं. तूप होतं, दालबाटीवर ओतायला.

प्रकरणाचं अर्धं उत्तर तिथेच सापडलं. बंगाली माणूस मोहरीचं तेल धूर निघेपर्यंत तापवतो, तेव्हा त्याचा कडक वास जरा मऊ होतो आणि मगच त्यात काही पडतं. केरळात अवियल या मिश्र भाजीवर शेवटी कच्चं खोबरेल आणि कढीपत्ता पडतो, आणि अवियलचा अर्धा वास तोच असतो. काश्मिरी पंडितांचा स्वयंपाकही मोहरीच्या तेलावर उभा आहे. राजस्थानात तूप. आपल्याकडे शेंगदाण्याचं तेल, आणि विदर्भात आजही जवसाच्या तेलाची आठवण काढणारे म्हातारे भेटतात. जेवणारा माणूस 'हे इथलं' म्हणून जे ओळखतो ते पुष्कळ वेळा मसाला नसून स्निग्ध पदार्थ असतो. मसाले सगळीकडे थोडेफार तेच आहेत. धणे-जिरे कुणाकडे नाहीत?

दुसरं अर्धं उत्तर मोठ्या पातेल्यांत होतं. मोठ्या हॉटेलांत सकाळी तीन-चार मूळ ग्रेव्ह्या करून ठेवतात: टोमॅटोची माखनी, काजू-कांद्याची पांढरी, तळलेल्या कांद्याची तपकिरी. रोजच्या मेनूला ही पद्धत उत्तम आहे, मीच ती शिकवली आहे. पण इथे रोगनजोश, कोशा मांग्शो आणि लाल मांस तिन्ही त्या तपकिरी पातेल्यातून निघत होते. फरक काय, तर एकात बडीशेप, दुसऱ्यात गरम मसाला, तिसऱ्यात तिखट जास्त. मी डोळे मिटून हरलो त्यात माझा दोष थोडाच होता.

पंडितांच्या रोगनजोशमध्ये कांदा-लसूण मुळात नसतोच. हिंग, बडीशेप, सुंठ, दही आणि काश्मिरी मिरची. मुसलमान वाझांच्या, म्हणजे मेजवानीच्या आचाऱ्यांच्या, रोगनजोशला प्राण नावाचा छोटा कांदा चालतो, आणि रंगासाठी मावल म्हणजे कोंबड्याच्या तुऱ्यासारखं फूल. दोन्ही खरे, पण तपकिरी कांद्याची ग्रेव्ही दोन्हींत नाही. लाल मांसाला जोधपूरजवळच्या मथानियाची मिरची, लसूण, दही आणि तूप लागतं. कोशा मांग्शोला मात्र कांदा लागतो, पण तो मटणाबरोबर तासभर परतलेला. आधी तळून वाटलेला कांदा घातला की त्यातलं 'कोशा' म्हणजे परतणंच निघून जातं.

"सर, वेळ कुठे असतो?" ती म्हणाली. तिचंही खरं होतं. सहा प्रांत, रोज सुमारे दीडशे कव्हर, म्हणजे जेवणारी माणसं, आणि स्वयंपाकघरात माणसं नेहमीचीच.

मी विचारलं, मिरची कुठून येते? ठरलेल्या पुरवठादाराकडून, पुड्यांत, दोन प्रकारची: 'रंगाची' आणि 'तिखट'. हॉटेलपासून वाशीचा एपीएमसीचा मसाला बाजार रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर. तिथे ब्याडगी, संकेश्वरी, गुंटूर, काश्मिरी अशा मिरच्यांची पोती रांगेने लावलेली असतात, आणि नाकात ठसका बसल्याशिवाय गल्ली संपत नाही. पण खरेदी विभागाच्या यादीत तिथला एकही व्यापारी नव्हता.

क्रमाचं काय

तेल आणि ग्रेव्ही तिला मनातून माहीत होतंच, फक्त कुणीतरी बाहेरच्याने म्हणायला हवं होतं. मला जास्त खटकलेली गोष्ट वेगळी होती, आणि तिच्यावर आमचा वादही झाला.

आपल्या ताटात डावी बाजू आणि उजवी बाजू असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाज्या उजवीकडे. मधे वरणभाताची मूद, वर तूप. लहानपणी पंगतीत वाढायला उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, चटणी उजवीकडे वाढली तर कोण ओरडायचं ते. ताट म्हणजे एक वाक्य असतं. शब्द तेच ठेवून क्रम बदला, अर्थ जातो.

बंगाली जेवण कडवटाने सुरू होतं. शुक्तो, म्हणजे कारलं, कच्चं केळं, शेवग्याची शेंग, वड्या, मोहरीचं वाटण आणि थोडं दूध. जीभ स्वच्छ करून मग डाळ, मग मासे, मग मटण, मग टोमॅटोची गोड चटणी आणि पापड, शेवटी मिष्टी. मटणानंतर शुक्तो खाल्लं तर ती नुसती फसलेली कारल्याची भाजी. केरळच्या सद्येत, म्हणजे केळीच्या पानावरच्या मेजवानीत, पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे असतं आणि भातावर पहिली येते ती परिप्पू, म्हणजे डाळ, आणि तूप. मग सांबार. पायसम आणि ताक पुढे. काश्मिरी मेजवानीत, वाझवानात, चार माणसं त्रामी नावाच्या एका मोठ्या ताटाभोवती बसतात आणि पदार्थामागून पदार्थ येत राहतात. गुश्ताबा आला की कळतं, मटणाचे पदार्थ संपले. तो पूर्णविराम आहे.

आणि इथे तो पूर्णविराम दारातून शिरल्यावर डावीकडचा पहिला पदार्थ होता. लोक तिथूनच सुरुवात करत होते.

"पण सर, बुफे म्हणजे लोकांना पाहिजे ते पाहिजे तेव्हा. तुम्हीच शिकवलंत." शिकवलं होतं. बुफेचा फायदाच तो आहे: वाढपी कमी लागतात, पाहुण्याला वाट बघावी लागत नाही, नावडतं कुणी वाढत नाही. बुफेच्या विरोधात मी नाही. पण सहा प्रांत चाखवायचे म्हणून पैसे घेतलेत तर निदान पहिला घास तरी त्या प्रांतासारखा द्या, एवढंच मी म्हणत होतो. ती म्हणाली, "लिहून द्या, जी.एम.ना दाखवते." मी हॉटेलच्याच नोटपॅडवर लिहून दिलं. पाच मागण्या. तीन मान्य झाल्या, एक अर्धी, एक फेटाळली.

काय बदललं

वाट्या दुसऱ्याच दिवशी आल्या. स्टीलच्या, शंभर मिलिलिटरच्या, बॅन्क्वेटच्या गोदामात धूळ खात पडलेल्या. प्रत्येक रश्शाशेजारी वाट्यांची चळत. याला पैसा लागला नाही, आणि दहा दिवसांतला सगळ्यांत मोठा फरक याच एका गोष्टीने पडला. जी.एम.ना भीती होती की वाट्या दिल्या तर लोक जास्त घेतील. झालं उलट. मोठ्या प्लेटवर डाव सांडायला जागा असते, म्हणून माणूस दोन डाव घेतो. वाटी एका डावात भरते. भांडी घासायच्या जागी उष्ट्याच्या बादल्या असतात. सहाव्या रात्री मी तिथे चार बादल्या बघितल्या होत्या, आठव्या रात्री जवळजवळ तेवढ्याच लोकांना तीनही भरल्या नव्हत्या. दोन रात्रींवरून शास्त्र होत नाही, पण भांडी घासणाऱ्या पोरांना फरक कळला होता, आणि त्यांना मी जास्त मानतो.

सहाचे तीन प्रांत केले, दर रात्री बदलून. माझ्या मते दोनच हवे होते. जाहिरातीत सहा छापलेत, म्हणून तीन. ही ती अर्धी मान्य मागणी. पण तीन झाल्यावर तपकिरी पातेलं बाजूला ठेवणं शक्य झालं. मोहरीचं तेल आणि खोबरेल आलं. मथानिया मिरची मिळाली नाही, म्हणून लाल मांस सरळ काढून टाकलं आणि त्या जागी राजस्थानचीच भाजी, केर-सांगरी, ठेवली. हा निर्णय तिचा, आणि मला तो सर्वांत आवडला.

पॅन लहान केले. चेफिंग डिशमध्ये, म्हणजे बुफेवर अन्न गरम ठेवायच्या भांड्यात, जो पूर्ण आकाराचा पॅन बसतो तो ५३० बाय ३२५ मिलिमीटरचा, ६५ मिलिमीटर खोल घेतला तरी त्यात आठ-नऊ लिटर मावतं. एवढं कालवण तासभर ६० अंशांच्या वर धरून ठेवायचं, कारण त्याखाली जिवाणू वाढतात. पण तेवढ्या वेळात मासा शिजतच राहतो, आणि पांढरा रस्सा तर फाटतो. नारळाचं दूध, खसखस, काजू आणि मटणाचं पाणी, हे सगळं उकळीला एकत्र धरून ठेवणं कुणाच्या बापाला जमत नाही. मग अर्धे पॅन आले, भरणं दुप्पट वेळा, आणि पांढरा रस्सा काउंटरवरून काढून आत ठेवला. मागेल त्याला किटलीतून वाढायचा. सोलकढी याच्या उलट: ती बर्फात बसवून थोडी थोडी बाहेर काढायची, कारण नारळाचं दूध उबेला तासाभरात वेगळं पडतं.

मग पहिला घास. ज्या रात्री बंगाल असेल त्या रात्री बसल्याबसल्या वाढपी एक वाटी शुक्तो आणि मूठभर भात आणून ठेवणार, दोन वाक्यांत सांगणार आणि मगच बुफेकडे बोट दाखवणार. सातव्या रात्री मी मुद्दाम बघायला गेलो. सानपाड्याच्या एक काकू वाटीकडे बघून वाढप्याला म्हणाल्या, "पहिल्याच घासाला कारलं? पाहुण्याला?" पोरगा गांगरला. त्याला पाठ करून दिलेलं वाक्य तो विसरला आणि म्हणाला, "काकू, आधी कडू खाल्लं की नंतरचं गोड लागतं म्हणे." पाठ केलेल्या वाक्यापेक्षा ते शंभर पटीने बरं होतं. काकूंनी खाल्लं. पुढच्या खेपेला त्या वाटी भरून मासा घेऊन आल्या, फक्त मासा. एवढंच मला पाहिजे होतं.

केरळच्या रात्री परिप्पू-तूप-भाताने कुणी दचकलं नाही. वरणभातच तो! लोक इतके खूश झाले की पुढे बुफेकडे जायला कंटाळले.

भाकरी आणि हातमोजे

फेटाळलेल्या मागणीबद्दल आता. नवी मुंबईत बसून सहा प्रांत मांडले, त्यात नवी मुंबई कुठे होती? हे शहर वसवणारी सिडको १९७० साली आली. त्याआधी इथे खाडी होती, भातशेती होती, मिठागरं होती, आणि आगरी-कोळी गावं होती. ती गावं अजून आहेत, टॉवरांच्या मधे. माझी विद्यार्थिनी स्वतः घणसोली गावातली. मी म्हटलं, तुझ्या आईचं जवळ्याचं सुकं ठेव. ती म्हणाली, "सर, मी पहिल्या बैठकीतच विचारलं होतं. एसीचा हॉल आहे, सुक्या मासळीचा वास परतीच्या हवेतून सगळीकडे फिरतो. दुसऱ्या दिवशी तिथे कंपनीची कॉन्फरन्स." यावर मला काही बोलता आलं नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. तरी मला राग आला तो आलाच.

मग तडजोड म्हणून तांदळाची भाकरी ठरली. हॉटेलातल्या तंदूरवाल्याला ती येईना. उकड काढायची, गरम असताना मळायची, पाण्याच्या हाताने थापायची, तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं. त्याने दोन-तीनदा प्रयत्न केले आणि हात टेकले. तेव्हा तिने गावातल्या दोन मावश्यांना बोलावलं.

इथे दोन दिवस गेले. अन्न हाताळणाऱ्या माणसाची वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराची लस लागते, ते रास्तच आहे. मावश्यांनी कुरकुर न करता सगळं केलं. पण आठव्या संध्याकाळी त्या काउंटरवर आल्या आणि हायजीन बघणाऱ्या साहेबांनी हातमोजे पुढे केले. धाकट्या मावशीने घातले, गोळा घेतला, एक थाप मारली. पीठ हातमोज्याला आणि हातमोजा पिठाला. तिने ते शांतपणे सोडवलं आणि साहेबांना म्हणाली, "तुम्ही थापून दाखवा." साहेब तरुण होते, त्यांनी खरंच एक प्रयत्न केला. मग नियम काढून बघितले. नियमात स्वच्छ हात, कापलेली नखं, अंगठी-बांगड्या नकोत, जखम नको, हे सगळं आहे. शेवटी असं ठरलं: दर वीस मिनिटांनी साबणाने हात, काचेचा आडोसा, आणि बांगड्या काढायच्या. मोठ्या मावशीला शेवटचं जड गेलं. तिने सुती बाहीखाली त्या कोपरापर्यंत वर सरकवून वर पट्टी बांधली, आणि साहेबांनी तिकडे बघितलं नाही.

भाकरीची रांग काश्मीरच्याही पुढे गेली. एक गृहस्थ नुसती भाकरी आणि पांढरा रस्सा घेऊन तीनदा आले. कोल्हापूरचा रस्सा आणि आगरी भाकरी ही जोडी कुठल्याच शुद्धतेत बसत नाही, मी स्वतः नाक मुरडलं असतं. पण खाल्ल्यावर गप्प बसलो.

शनिवार

नवव्या रात्री शनिवार होता आणि सगळं कोलमडलं. आरक्षणाशिवाय आलेली माणसं धरून कव्हर अडीचशेच्या पुढे गेले. पहिला घास टेबलावर नेऊन देणारे चार वाढपी पावणेनऊपर्यंत टिकले. त्यानंतर शुक्तोच्या वाट्या काउंटरवर ओळीने मांडल्या गेल्या, त्यांना कुणी हात लावला नाही, आणि साडेदहाला त्या तशाच परत गेल्या. तांबडा संपला तेव्हा कुणीतरी तपकिरी पातेल्याचं झाकण उघडलं. कुणी, ते मी विचारलं नाही. त्या रात्रीच्या कार्डांत पुन्हा दोघांनी लिहिलं, चव सारखी.

जी.एम. मला लॉबीत भेटले. सौजन्याने म्हणाले, "सर, तुमची पद्धत साठ माणसांना छान आहे." खोटं नव्हतं ते. दीडशेपर्यंत ओढून ताणून चालते. अडीचशेला फक्त वाट्या, लहान पॅन आणि वेगळं तेल एवढंच टिकतं, क्रम टिकत नाही. क्रमाला माणूस लागतो, पंगतीत होता तसा, आणि दर माणसामागे वाढप्याचा पगार १,८९९ मध्ये बसत नाही.

शेवटची रात्र

रविवारी अकरा वाजता हॉल रिकामा झाला. तुतारीवाल्या पोराने फेटा काढला आणि डोकं खाजवलं. स्वयंपाकघरात जेवायला बसायची वेळ. मावश्या तीन रात्री सगळ्यांना भाकऱ्या देत होत्या, पण त्यांनी काउंटरवरचं काही चाखलं नव्हतं. माझ्या विद्यार्थिनीने त्यांच्यासाठी एकेक वाटी भरून आणली आणि पहिली वाटी गुश्ताब्याची दिली, क्रम विसरून. तिच्या डोळ्यांत ते कौतुक हवंय हे स्पष्ट दिसत होतं. मीही पुढे सरकून म्हटलं, "मावशी, हा यांचा खास. मटण दगडावर लाकडी मोगरीने तासन्‌तास कुटतात, चरबी घालून."

मोठ्या मावशीने गोळा बोटांनी फोडला, तोंडात टाकला, चावला. परत एक तुकडा घेतला. घरचा मसाला डंकावर कुटून आणणारी बाई. तिने वाटी खाली ठेवली.

"यो कुटलेला नाय," ती म्हणाली. "दललेला हाय."

माझी विद्यार्थिनी माझ्याकडे बघेना. मी तीन रात्री तो गोळा खाल्ला होता आणि तीनदा वाखाणला होता.

"मशीनला?" मी विद्यार्थिनीला विचारलं.

"बोल कटरला," ती म्हणाली. "चार मिनिटं."